शिधा, वारा आणि लिंबू



विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणांना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस आज स्वयंपाकघरात कसा काय शिरला? तर त्याचं कारण माझी नात आहे. ती जर्मनीत नोकरी करते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिनं आणि तिच्या पाच मित्रमैत्रिणींनी ठरवलं, की एक शिडाची बोट भाड्यानं घ्यायची आणि ग्रीसच्या बेटांमधून आठवडाभर हिंडायचं. बोट चालवायचा परवाना त्यांच्यातल्या दोघांकडे होता. तिचा फोन आला, "आजोबा, सामानाची यादी केलीय. जरा बघता का?"

मी यादी पाहिली. पास्ता, चीज, कॉफी, बिस्किटं, वाइनच्या बारा बाटल्या, आणि पाणी चोवीस लिटर. म्हटलं, बाळ, माणसं सहा, दिवस सात. उन्हात, वाऱ्यात माणसाला पिण्यापुरतं रोज तीन लिटर धरलं तरी १२६ लिटर होतात. तू तर एका दिवसाचं वर थोडं पाणी घेऊन चाललीस. ती हसून म्हणाली, "संपलं तर पुढच्या बंदरात घेऊ." मी विचारलं, "आणि पुढचं बंदर आलंच नाही तर?"

तिच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. पण त्यानंतर मी वाचायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की जहाजावर शिधा भरण्याचा इतिहास तीन प्रश्नांचा आहे. किती दिवसांचा भरायचा? वाटायचं माप कुणाच्या हातात द्यायचं? आणि जे भरतोय ते का भरतोय, हे आपल्याला माहीत आहे का? पहिले दोन प्रश्न व्यवहाराचे वाटतात. तिसरा माझ्या विषयाचा आहे, आणि सर्वांत जास्त माणसं त्या तिसऱ्या प्रश्नापायी मेली. आज मी हे तीन प्रश्न क्रमानं घेणार आहे.

पहिला प्रश्न, किती दिवस. घरात आपण किराणा महिन्याच्या हिशेबानं भरतो, कारण महिना किती दिवसांचा हे ठरलेलं असतं. शिडाच्या जहाजाला तसं कॅलेंडर नाही. तिथे दिवस वारा ठरवतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच समुद्रातलं आहे. वास्को द गामा १४९८ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघाला. सोबत हा समुद्र जाणणारा वाटाड्या होता आणि पाठीशी नैर्ऋत्येचा वारा. साधारण २३ दिवसांत त्याला हिंदुस्थानचा किनारा दिसला. परतताना मात्र तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच निघाला. ईशान्येचा वारा अजून नीट धरला नव्हता. समुद्र तोच, जहाजं तीच. पण कधी वारा पडलेला, तर कधी उलटा. आफ्रिकेचा किनारा दिसायला १४९९ चं जानेवारी उजाडलं. जिथे २३ दिवस लागले होते, तिथे जवळजवळ तीन महिने. त्या प्रवासात तीस माणसं गेली, आणि एकेका जहाजावर कामाला उभी राहू शकतील अशी सात-आठच उरली.

आपल्याकडचे कोळी आणि तांडेल हे विद्यापीठात न जाता जाणत होते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही, हा आपल्याला सण वाटतो. तो सण आहेच, पण तो शिध्याचा हिशेबही आहे. कुठल्या महिन्यात किती दिवस लागतील हे ज्याला कळलं, त्याला पिंप किती भरायचं हे कळलं.

आता दुसरा प्रश्न, माप कुणाच्या हातात. इथे मी आधी माझीच एक गोष्ट सांगतो.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. चैत्र महिना. मंगळूरी कौलं घेऊन मुंबईला निघालेलं एक गलबत जयगडला थांबलं होतं. त्याचे तांडेल आमच्या मामाच्या ओळखीचे. आम्ही सगळी मुलं त्यांना तांडेलमामाच म्हणायचो. मी हट्ट धरला, की एसटीनं नाही, गलबतानं मुंबईला जाणार. दोन दिवसांत पोचू असं ते म्हणाले, आणि आईनं दोन दिवसांच्या भाकऱ्या आणि सुकी चटणी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. शीड ओल्या पंचासारखं लोंबायला लागलं. आम्ही पाच दिवस समुद्रावर होतो. माझ्या भाकऱ्या संपल्या, त्याचं काही नाही. गलबतावर तांदूळ होता, कुळथाचं पीठ होतं, सुके बांगडे होते, मीठ-मिरची होती. पण पाण्याचं लाकडी पिंप एकच, आणि आम्ही आठ जण. वारा पडला त्याच संध्याकाळी तांडेलमामांनी काय केलं, तर त्या पिंपाशेजारी स्वतःचं अंथरूण टाकलं. तिथून पुढे पाणी मिळायचं ते एका करवंटीनं. सकाळी, दुपारी आणि रात्री. भातसुद्धा निम्मं समुद्राचं पाणी घालून शिजवायचा. करवंटी सगळ्यांना एकच. खलाशाला तीच, आणि मी पाहुणा, कॉलेजात शिकणारा, मला तीच. आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी तांडेलमामा स्वतः घ्यायचे, तीही त्याच करवंटीनं.

चौथ्या दिवशी मी रात्री उठून पिंपाकडे गेलो. खोटं कशाला बोलू, चोरून प्यायलाच गेलो होतो. मामा जागे होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाबा, तू प्यायलास तर कुणाचं पितोस ते सांगून पी." मी परत जाऊन झोपलो. पुढे तीस वर्षं मी वर्गात न्याय या कल्पनेवर बोलत आलो, पण त्या वाक्यापेक्षा नेमकं काही मला सांगता आलं असं वाटत नाही.

हे मनात ठेवा आणि आता माझ्याबरोबर अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या आरमारात चला. तिथे खलाशाचा शिधा कागदावर उत्तम होता. रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास. शिवाय आठवड्याला खारवलेलं मांस, वाटाणे, ओटचं पीठ, लोणी आणि चीज. बिअर इतकी का? चैन म्हणून नव्हे. लाकडी पिंपातलं पाणी काही आठवड्यांत हिरवं पडून वास मारायला लागायचं. हलकी बिअर त्याहून जरा जास्त टिकायची.

पण हा शिधा मोजणारा जहाजावरचा कोठीवाला, त्याला पर्सर म्हणत, त्याचा पौंड वेगळा होता. बाजारातला पौंड सोळा औंसांचा. पर्सरचा चौदा औंसांचा! उरलेले दोन औंस, म्हणजे आठवा हिस्सा, गळती आणि नासाडीपोटी त्याला ठेवून घ्यायची मुभा होती. नासाडी झाली नाही तरी मुभा होतीच. म्हणजे चोरी नव्हे, नियमच तसा. खलाशी पिढ्यान् पिढ्या चौदा औंस खात राहिले आणि हिशेबाच्या वहीत एक पौंड लिहिला जात राहिला.

१७९७ साली स्पिटहेड इथे आरमाराच्या खलाशांनी नांगर उचलायला नकार दिला. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. त्यांनी काय मागितलं? पगार वाढवा, आणि पौंड सोळा औंसांचा करा. बंदरात असताना ताजी भाजी द्या. आजाऱ्यांची नीट काळजी घ्या. मागण्या मान्य झाल्या. जगातल्या सगळ्यात बलाढ्य आरमाराला गुडघ्यावर आणलं ते त्या दोन औंसांनी, असं मी म्हटलं तर इतिहासाचे प्राध्यापक मला रागावतील. पण त्या दोन औंसांचा वाटा त्यात नक्की होता.

या गोष्टीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. पुढे आगबोटी आल्या. त्यांवर हिंदी खलाशी भरती झाले, त्यांत आपल्या कोकणातले पुष्कळ होते. प्रवाशांच्या मेजावर वाढणारे आणि मुदपाकखान्यात राबणारे बरेचसे गोव्याचे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांचे कूड होते, तिथे ते पुढच्या बोटीची वाट पाहत राहायचे. या खलाशांच्या स्वयंपाक्याला 'भंडारी' म्हणत. शब्द भांडारावरून आला. म्हणजे जो रांधतो तोच कोठी सांभाळतो. पण त्याच्या कोठीत किती यायचं हे ठरवणारा तक्ता गोऱ्या खलाशांच्या तक्त्याहून वेगळा असायचा, आणि तो हलका असायचा. त्या काळी युरोपातला श्रीमंत माणूस हवापालटासाठी बोटीनं निघाला, की त्याच्या सुट्टीचं जेवण असा माणूस रांधत होता ज्याचं स्वतःचं माप वेगळं होतं. हे आठवायचं ते कुणाला दोष द्यायला नव्हे. शिध्याच्या कुठल्याही यादीला एक न लिहिलेला रकाना असतो, 'कुणासाठी', म्हणून आठवायचं.

आता तिसरा प्रश्न. यादीत जे आहे ते का आहे?

लांबच्या समुद्रप्रवासात एक रोग होता, स्कर्व्ही. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात, आणि माणूस बसल्या जागी जातो. १७४० साली कमोडोर अ‍ॅन्सन इंग्लंडहून सुमारे १९०० माणसं घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. परत येईपर्यंत सुमारे १४०० मेली होती. शत्रूच्या हातून मेली ती मोजकी चार. बाकी बहुतेक रोगांनी, आणि त्यांत मुख्य हा. शिधा संपला नव्हता. माणसं पोटभर खात होती आणि मरत होती.

१७४७ साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरनं 'सॅलिसबरी' या जहाजावर बारा रोगी घेतले. सगळ्यांचं दुखणं शक्य तितकं सारखं, जेवण सारखं. मग दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची सायडर, एकीला सौम्य केलेलं गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरीचं चाटण, आणि एकीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात फळं खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर उभा राहिला, आणि दुसरा बाकीच्यांची शुश्रूषा करायला लागला. लिंडनं १७५३ साली पुस्तक लिहिलं. आरमारानं लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली १७९५ साली. मधे ४२ वर्षं गेली, आणि लिंड त्याच्या आदल्या वर्षी वारला होता.

या उशिराचा दोष सगळा सरकारला देऊ नका. लिंडनं स्वतःच सल्ला दिला होता, की रस टिकावा म्हणून मंद आचेवर आटवून ठेवा. आटवला की त्यातला गुण बराचसा जातो. हे त्याला कसं कळावं? लिंबू गुण देतं एवढं त्याला माहीत होतं. लिंबातलं काय गुण देतं, ते माहीत नव्हतं.

कप्तान कुकचा मार्ग वेगळा होता. १७६८ च्या प्रवासात त्यानं आंबवलेली खारी कोबी नेली होती. खलाशी तोंड लावेनात. मग त्यानं ती फक्त अधिकाऱ्यांच्या पंगतीला रोज वाढायला लावली, आणि खलाशांना सांगितलं, हवी तर घ्या, नको तर राहू द्या. आठवड्याच्या आत मागणी इतकी वाढली की मोजून द्यायची वेळ आली. आपल्याकडच्या आयांना हे शास्त्र न शिकवता येतं. शिवाय प्रत्येक किनाऱ्यावर तो हिरवा पाला, भाजी, जे मिळेल ते गोळा करायला लावायचा. कोबीनं किती आणि पाल्यानं किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण तो एकाच उपायावर विसंबला नाही, आणि त्यामुळे त्याची माणसं वाचली.

आता खरी शोकांतिका. १७९५ नंतर इंग्लंडच्या आरमारातून स्कर्व्ही जवळजवळ गेली. रोग गेला तशी त्याची भीती गेली, आणि भीतीबरोबर लक्षही गेलं. १८६० च्या दशकात आरमारानं भूमध्य समुद्राकडचं लेमन सोडून वेस्ट इंडीजमधल्या स्वतःच्या वसाहतींतलं लाईम घ्यायला सुरुवात केली. आंबट तर दोन्ही. उलट लाईम जास्तच आंबट. त्या काळी इंग्रजीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरत. आपल्याला हसायचा अधिकार नाही. आपण तर दोघांनाही 'लिंबू' म्हणून मोकळे होतो. तुमच्या-आमच्या भाजीवाल्याकडचं कागदी लिंबू हे त्या लाईमच्या कुळातलं. लेमन म्हणजे आपल्या ईडलिंबाच्या जवळचं.

तर यादीवर शब्द तोच राहिला आणि बाटलीतली वस्तू बदलली. आगबोटींमुळे प्रवास छोटे झाले होते, म्हणून काही वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मग १८७५ साली नेअर्सची मोहीम उत्तर ध्रुवाकडे गेली. जहाजांवर लाईमचा रस भरपूर होता. तरी बर्फावरून घसरगाड्या ओढत गेलेल्या तुकड्या काही आठवड्यांत स्कर्व्हीनं कोसळल्या. सगळ्या तुकड्यांनी रस सोबत नेला नव्हता, हे खरं. पण आधी महिनोन् महिने जहाजावर तो पिऊनही ही माणसं इतक्या लवकर का ढासळली? चौकशी झाली, वाद झाले. आणि शहाण्या लोकांनी निष्कर्ष काय काढला? की लिंबाचा गुण ही जुनी समजूतच चुकीची असावी. रोग नासक्या डबाबंद मांसामुळे होतो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बारा माणसांवर दिसलेलं सत्य हातातून निसटलं. कॅप्टन स्कॉट १९०१ साली दक्षिण ध्रुवाकडे निघाला, तेव्हा त्याचे डॉक्टर डबे उघडून मांसाचा वास घेत होते.

पुढे १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रलिश यांनी गिनीपिगांवर हा रोग घडवून दाखवला, आणि १९३२ पर्यंत क जीवनसत्त्व हाती लागलं. मधल्या काळात, १९१८ साली, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मोजून दाखवलं, की लाईमच्या रसात लेमनच्या साधारण पाव हिश्शाइतकाच गुण आहे. साठीला आलेल्या गोंधळाचा उलगडा एका मोजणीनं झाला.

याच प्रयोगशाळेनं आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती ऐकून मला खुर्चीतून उठावंसं वाटलं. कोरड्या कडधान्यात हा गुण नाही. पण ते भिजवून मोड आणले, की तो तयार होतो. हा प्रश्न कुठून आला, माहीत आहे? पहिल्या महायुद्धातून. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात पूना डिव्हिजन अडकली होती. त्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. वेढ्यातलं गाव म्हणजे वारा पडलेलं जहाजच. आहे तेवढ्यावर काढायचं. तिथे गोरे सैनिक घोड्याचं मांस आणि पांढरा मैदा खात होते, त्यांना बेरीबेरी झाली. हिंदी सैनिकांपैकी अनेकांनी घोड्याचं मांस घेतलं नाही, आटा आणि डाळ खाल्ली. ते बेरीबेरीतून वाचले, पण त्यांना स्कर्व्हीनं गाठलं.

विचार करा. मटकीला मोड आणणं हे ज्या मुलखातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात रोज चालतं, त्या मुलखातली पोरं स्कर्व्हीनं झिजत होती. कोठीत अख्खं कडधान्य असेल, तर त्याला लागत होतं फक्त थोडं पाणी, एक फडकं आणि दोन दिवस. पण उसळ ही आपल्या लेखी चव होती, औषध नव्हतं. आपल्या आज्यांना 'कसं' माहीत होतं, 'का' माहीत नव्हतं. आरमाराला 'काय' माहीत होतं, तेही नावापुरतं. कृती टिकते ती सवयीनं. पण जागा बदलली, वस्तू बदलली, परिस्थिती फिरली, की सवय उपयोगी पडत नाही. तिथे कारणच लागतं. तत्त्वज्ञानाचा उपयोग काय असं मला आयुष्यभर विचारत आले. हा आहे.

आता सुट्टीकडे येतो, म्हणजे माझी नात मला माफ करेल. हौसेनं शीड उभारून हिंडणं इंग्लंडात राजांनी सुरू केलं. १६६० साली दुसऱ्या चार्ल्सला आम्स्टरडॅमकरांनी 'मेरी' नावाची याट भेट दिली, तिथून ही हौस पसरली. पण मला जवळचा वाटतो तो जोशुआ स्लोकम. १८९५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, तो 'स्प्रे' या छोट्या गलबतातून एकटा निघाला आणि तीन वर्षांनी पृथ्वीला फेरी मारून परत आला. तसं करणारा तो पहिला माणूस. त्याच्या बोटीवर पर्सर नव्हता, त्यामुळे कुणी कमी मोजलं नाही. पण जास्त खाऊ नको म्हणणाराही नव्हता. अझोर्स बेटांवर लोकांनी दिलेले प्लम आणि पांढरं चीज त्यानं एकत्र इतकं हाणलं, की पोटात कळा येऊन तो केबिनमध्ये आडवा झाला. तापात त्याला दिसलं, की कोलंबसच्या ताफ्यातल्या 'पिंटा'चा वाटाड्या सुकाणूवर बसलाय. जागा झाला तेव्हा बोट बरोबर दिशेनं चालली होती. उरलेले प्लम त्यानं समुद्रात फेकून दिले.

सुट्टी म्हणजे काय? जिथून परत येता येतं ती सुट्टी. अ‍ॅन्सनच्या खलाशाला ते स्वातंत्र्य नव्हतं, माझ्या नातीला आहे. ग्रीसमध्ये दुकान फार तर एका दिवसावर असतं. तरी तेच तीन प्रश्न लहान होऊन तिच्याही यादीत येतात, म्हणून मी तिला तीनच दुरुस्त्या सुचवल्या. सात नाही, नऊ दिवसांचं धर. ऑगस्टमध्ये त्या समुद्रात उत्तरेचा वारा सुटला की बोटी बंदरातून निघत नाहीत. पाण्याचा हिशेब रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर कर. आणि अर्धा किलो मटकी आणि मलमलचं एक फडकं घे.

"मटकी? ग्रीसमध्ये?" ती म्हणाली. पण नेली.

परत आल्यावर तिचा फोन आला. वाऱ्यामुळे एका छोट्या बेटावर दोन दिवस अडकले होते. तिथल्या एकुलत्या दुकानातली भाजी पहिल्याच सकाळी संपली. मग हिनं उसळ केली, वर लिंबू पिळलं. तिची जर्मन मैत्रीण दोनदा वाढून घेऊन विचारत होती, हे ताजं कुठून आणलंस?

मी विचारलं, मग पाणी? ती म्हणाली, "पाणी पुरलं, आजोबा. मीच शेवटी घेत होते."